दहा मैल, अठ्ठावीस मिनिटे

रविवारी पहाटे साडेपाच वाजता इंग्लंडात तीनच प्राणी जागे असतात : गाई, पाखरे आणि सायकलवाले. बाकीचा देश पांघरुणात असतो. मोठी दुकानेसुद्धा दहाच्या आत दार उघडत नाहीत. अशा वेळी एखाद्या आडगावच्या सभागृहासमोर पंधरा-वीस मोटारी उभ्या दिसल्या, प्रत्येकीच्या पाठीवर वा पोटात सायकल दिसली, आणि अंगाला चिकटून बसणारे कपडे घातलेली माणसे थंडीत कुडकुडत, हातात कागदी पेला धरून, काही न बोलता उभी दिसली, तर वाचकहो, गोंधळून जाऊ नका. ती टाइम ट्रायल आहे. इंग्रजांनी जगाला क्रिकेट दिले, फुटबॉल दिला, पण हा एक खेळ त्यांनी जणू स्वतःपुरता राखून ठेवला आहे.

आपल्याकडे सायकलची शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे मुंबई-पुणे शर्यत उभी राहते. शेकडो चाकांचा घोळका, बोरघाटाची चढण, दुतर्फा माणसे आणि 'घाटाचा राजा' कोण होतो याची हुरहुर! इथे यातले काहीच नाही. स्वार एकेकटा सुटतो. दर मिनिटाला एक. पुढच्याला गाठलेत तरी त्याच्या पाठीशी राहून वारा चुकवायचा नाही. बाजूने निघून जायचे. प्रतिस्पर्धी कोण? घड्याळ. प्रेक्षक कोण? कुंपणापलीकडच्या मेंढ्या. पहिला कोण आला हे कळायला सगळे परत येऊन चहा होईपर्यंत थांबावे लागते.

या अबोल खेळाचा जन्म एका बुजलेल्या घोड्यामुळे झाला. १८९४ च्या जुलै महिन्यात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या 'ग्रेट नॉर्थ रोड'वर पन्नास मैलांची शर्यत चालली होती. समोरून एक बाई घोडागाडी घेऊन येत होत्या. वेगाने येणाऱ्या सायकली पाहून घोडा बिथरला, गाडी कलंडली, स्वार एकमेकांवर आदळले. कोणी फारसे दुखावले नाही, पण बाईंची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. पोलिसांचा रोष इतका वाढला की सायकलवाल्यांच्या संघटनेने उघड्या रस्त्यावरच्या शर्यती बंदच करून टाकल्या. त्या दिवशी पडलेल्यांत फ्रेडरिक बिडलेक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी डोके चालवले. घोळक्याने धावले तर शर्यत दिसते; एकेकटे धावले तर काय दिसते? कामावर निघालेला माणूस! ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबसाठी त्यांनी पन्नास मैलांची अशी पहिली चाचणी भरवली.

मग जे सुरू झाले ते एखाद्या गुप्त क्रांतिकारी मंडळाला शोभावे असे होते. भेटायचे पहाटे. कपडे मानेपासून घोट्यापर्यंत काळे. रस्त्याचे नाव उच्चारायचे नाही; त्याला सांकेतिक अक्षर आणि आकडा. यॉर्कशायरचे अक्षर 'व्ही', लंडनच्या उत्तरेचे 'एफ'. दहशतीची कारणे संपली, काळे कपडे जाऊन रंगीत आले, खेळ राजरोस झाला, पण सांकेतिक आकडे अजून तसेच आहेत. इंग्रज माणूस साम्राज्य सोडतो, सवय सोडत नाही.

बिडलेक यांचे स्मारक बेडफर्डशायरमध्ये सँडी गावाजवळ, गर्टफर्डच्या पुलापाशी, त्याच उत्तर रस्त्याच्या कडेला आहे. १९३३ साली मोटारीची धडक बसून ते वारले, आणि पुढच्या वर्षी सायकलवाल्यांनी तिथे छोटीशी बाग केली. मी ती पाहायला मुद्दाम गेले होते. पुतळा नाही, घुमट नाही. पलीकडून मालमोटारी सारख्या घोंघावत असतात. ज्या रस्त्यावर एका घोड्यासाठी शर्यती थांबल्या, त्या रस्त्यावर आज घोडा आणायचे धाडस कोणी करणार नाही.

आता माझ्यासारख्या बासष्ट वर्षांच्या पुणेरी बाईचा या सगळ्याशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, एवढे सांगितले की अर्धे उत्तर झाले. आमच्या पिढीतल्या मुली दोन वेण्या घालून, दप्तर कॅरिअरला अडकवून, समोरच्या वाऱ्याला न जुमानता शाळेत जात. पुढे संसाराच्या निमित्ताने पूर्व यॉर्कशायरमध्ये येऊन राहिले. हा हंबर नदीच्या उत्तरेचा प्रदेश. जमीन बरीचशी सपाट, आकाश भले मोठे, वारा सदाचा. सायकल इथे पुन्हा हाती आली, आणि पंचावन्नाव्या वर्षी शेजारच्या गावातल्या सायकल क्लबात मी नाव घातले.

क्लबात कोणी वय विचारले तर लाजू नये, कारण या खेळात वयाचे हिशेब फार सभ्यपणे केलेले आहेत. १९४३ साली, ऐन युद्धात, चाळिशी ओलांडलेल्या स्वारांनी स्वतःची एक संस्था काढली : व्हेटरन्स टाइम ट्रायल्स असोसिएशन. तिच्याकडे एक कोष्टक असते. प्रत्येक वयाला आणि प्रत्येक अंतराला एक 'स्टँडर्ड' वेळ ठरलेली. तुम्ही त्या वेळेच्या किती आत आलात, तो तुमचा 'प्लस'. म्हणजे सत्तरीचे आजोबा चाळिशीच्या जवानापेक्षा चार मिनिटे मागे राहूनही बक्षीस घेऊन जाऊ शकतात. दर वाढदिवसाला कोष्टक तुम्हांला थोडी सूट देते. वाढदिवसाची भेट म्हणून मला तरी हीच सर्वांत प्रामाणिक वाटते.

आमच्या क्लबाचेही असेच एक विक्रमांचे पुस्तक आहे. हिरव्या पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले. त्यात 'स्त्रिया, साठ वर्षांवरील, दहा मैल' या ओळीपुढे १९९९ सालापासून एकच आकडा होता : २८ मिनिटे ११ सेकंद. हा विक्रम जिचा, ती बाई दर रविवारी माझ्या डोळ्यांसमोर असे. ती आमची टाइमकीपर!

मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणते. विक्रम केला तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. २०२५ च्या उन्हाळ्यात सत्त्याऐंशीच्या. घडीच्या खुर्चीवर बसून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, हातात घड्याळ धरून त्या स्वारांना सोडत. यॉर्कशायरमध्ये बसचालकापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे समोरच्याला 'लव्ह' म्हणतात. मावशीही म्हणत, पण त्यांच्या तोंडी तो शब्द तलाठ्याच्या शिक्क्यासारखा ऐकू येई. त्या वसंतात त्यांनी क्लबाला कळवले की डोळ्यांना आता आकडे नीट दिसत नाहीत, हंगाम संपला की घड्याळ दुसऱ्याच्या हाती द्यावे. त्यानंतरच्या रविवारी चहा पिताना त्या मला म्हणाल्या, "माझी वेळ कोणीतरी मोडायला हवी. आणि ती मी मोजलेली असायला हवी. दुसऱ्या कोणी मोजलेली मला खरी वाटायची नाही."

आमच्या क्लबात साठीवरच्या, नियमित धावणाऱ्या बायका दोन. दुसरीचे त्याच महिन्यात खुब्याचे ऑपरेशन झाले होते. म्हणजे मावशी कोणाला उद्देशून बोलत होत्या, हे सांगायला पंचांग उघडायची गरज नव्हती.

दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर आणि वर थोडे. अठ्ठावीस मिनिटांत ते तोडायचे तर ताशी साडेचौतीस किलोमीटरचा वेग शेवटपर्यंत हवा. तरुणांना हे काहीच नाही. २०१६ साली हल शहराजवळच्या, व्ही-७१८ या आकड्याच्या रस्त्यावर मार्सिन बियालोब्लॉट्स्की या पोलिश स्वाराने दहा मैल १६ मिनिटे ३५ सेकंदांत कापले. पण बासष्टाव्या वर्षी शरीराशी बोलणी करावी लागतात. हृदयाच्या ठोक्यांची वरची मर्यादा उतरलेली असते, आणि रक्तातून प्राणवायू ओढून घेण्याची ताकद दर दशकाला कमी होत जाते. ज्यांनी व्यायाम सोडला त्यांची जास्त, ज्यांनी चालू ठेवला त्यांची पुष्कळ कमी, एवढाच काय तो दिलासा.

धीर देणारे एक उदाहरण मी आरशाशेजारी चिकटवून ठेवले होते. फ्रान्सचे रोबेर मार्शां १९११ साली जन्मले. २०१२ साली, शंभर वर्षे पुरी झाल्यावर, त्यांनी तासाभरात २४.२५१ किलोमीटर सायकल चालवली. शंभरीवरच्यांचा हा विक्रम. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, त्यांनी तोच वाढवून २६.९२७ केला! मधल्या काळात व्हेरोनिक बिया या प्राध्यापिकेने त्यांचा सराव आखला होता. बहुतेक वेळ आरामात चालवायचे, थोडा वेळ जोर लावायचा. तपासले तेव्हा त्यांची प्राणवायू घेण्याची क्षमता वाढलेली आढळली. २०१७ साली, १०५ व्या वर्षी, त्यांनी तासात २२.५४७ किलोमीटर केले, आणि २०२१ साली १०९ व्या वर्षी ते वारले. मी त्यांचाच कित्ता गिरवला. आठवड्यातले चार दिवस सावकाश, एक दिवस छातीचा भाता फुटेस्तोवर.

त्याच एप्रिलमध्ये मी मॉर्लीला जाऊन आले. लीड्स शहराला लागून असलेले हे गिरणीचे गाव. कोणत्याही प्रवासी पुस्तकात त्याला दोन ओळींहून जास्त जागा नसते. पण या गावात बेरिल बर्टन राहत असत. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्या महिनोन्महिने इस्पितळात पडून होत्या. पुढे त्या रुबार्बच्या मळ्यात मजुरी करीत. रुबार्ब ही लाल दांड्यांची आंबट भाजी. तिचे गोड पदार्थ करतात. मॉर्ली आणि वेकफील्डच्या परिसरात ती हिवाळ्यात अंधाऱ्या कोठारांत वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात खुडतात. दिवसभर मळ्यात खपून ही बाई संध्याकाळी सायकल चालवी. १९५९ पासून १९८३ पर्यंत, सलग पंचवीस वर्षे, टाइम ट्रायलमधली देशातली सर्वोत्तम स्त्री त्याच ठरल्या.

आणि १९६७ च्या सप्टेंबरातली ती बारा तासांची चाचणी! पुरुष आधी सुटले होते, बायका मागून. दिवस कलत असताना बेरिलबाईंना पुढे माइक मॅकनॅमारा दिसले. ते स्वतः त्या वेळी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या वाटेवर होते. बाईंनी त्यांना गाठले, काय बोलावे हे न सुचून खिशातली ज्येष्ठमधाची गोळी पुढे केली, त्यांनी ती घेतली, आणि बाई पुढे निघून गेल्या. बारा तासांत मॅकनॅमारांचे २७६.५२ मैल झाले, बाईंचे २७७.२५. पुरुषांच्या विक्रमापेक्षा स्त्रीचा विक्रम मोठा, हा प्रकार पुढची दोन वर्षे टिकला. आणि स्त्रियांत तो आकडा मोडायला २०१७ साल उजाडले. मॉर्लीत आज त्यांच्या नावाची छोटी बाग आहे आणि भिंतीवर त्यांचे मोठे चित्र आहे. मी बाकावर बसून डबा खाल्ला. शेजारी एक आजोबा होते. त्यांनी चित्राकडे बोट दाखवून एवढेच सांगितले, "भाजी घ्यायला यायची, तीही सायकलवरच."

मे महिन्यात पहिला प्रयत्न केला. आमचा रस्ता पाच मैल सरळ जाऊन, चौकातल्या वर्तुळाला वळसा घालून, त्याच वाटेने परत. त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. लोकांना वाटते, जाताना वारा मागून असला आणि येताना समोरून, तर फिटंफाट होते. होत नाही. हिशेब करून पाहा : जाताना ताशी पंचवीस मैल आणि येताना सतरा, तर दहा मैलांना २९ मिनिटे ३९ सेकंद लागतात. तेच सरासरी एकवीसने दोन्हीकडे गेले तर २८ मिनिटे ३४. कारण वैऱ्याच्या तावडीत आपण जास्त वेळ असतो. त्यातून वेग दुप्पट करायचा तर हवेला भेदायला आठपट जोर लागतो. मला २८ मिनिटे ५२ सेकंद लागले. मावशींनी आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "वारा होता." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे मानपत्रच.

जुलैत दुसरा. हवा छान, पाय छान. वर्तुळापाशी पोचले तर उजवीकडून गवताच्या गाठोड्यांनी लादलेला ट्रॅक्टर. रस्त्याचा नियम सर्वांना सारखा. शर्यत आहे म्हणून कोणी वाट देत नाही आणि मागायचीही नसते. ब्रेक दाबला, तो सावकाश गेला, मी पुन्हा शून्यातून वेग धरला. २८ मिनिटे १७ सेकंद. सहा सेकंद कमी पडले! आमचे हे ट्रॅक्टरवाल्याबद्दल जे मराठीत बोलले ते सुदैवाने तिथे कोणाला कळले नाही. मावशींना मी ट्रॅक्टरचे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. "नव्याण्णव साली मला मेंढ्या आडव्या आल्या होत्या, लव्ह," त्या म्हणाल्या. "घड्याळाला कारणं ऐकू येत नाहीत."

हंगामातली आमच्या क्लबाची शेवटची दहा मैलांची चाचणी ऑगस्टच्या अखेरीस होती. मनात एकच विचार घोळत असे. पुढच्या वर्षी मी त्रेसष्टची असेन. कोष्टक मला सूट देईल, पण हिरवे पुस्तक देणार नाही. आणि खुर्चीवर मावशी नसतील. माझी वेळ कोणी ना कोणी मोजेलच. पण ती त्यांना खरी वाटणार नाही, आणि मग मलाही वाटणार नाही.

त्या पहाटे उकडत होते. आकाश शिशासारखे, पान हलत नव्हते, दूर कुठेतरी गडगडत होते. सहलीला निघालेला माणूस असल्या हवेला शिव्या देतो. टाइम ट्रायलवाले तिची वर्षभर वाट पाहतात. हवा उष्ण असली आणि वायुभार उतरलेला असला की हवा विरळ होते, आणि विरळ हवा भेदायला सोपी. सभागृहातल्या तक्त्यावर सही केली. पाठीवर आकडा चौदा. मागे लाल दिवा लावला. एका तरुणाने खोगीर धरून मला उभे केले, आणि मावशींनी मोजायला सुरुवात केली. तीस सेकंद. दहा. पाच, चार, तीन, दोन, एक.

पहिल्या मैलात पाय खोटे बोलतात. सगळे सोपे आहे असे सांगतात. त्यांचे ऐकायचे नसते. दुसऱ्या मैलाला श्वास बसला. तिसऱ्याला माझ्यानंतर मिनिटभराने सुटलेला सोळा वर्षांचा पोरगा सूं करून निघून गेला, जाताना "चल, आजी!" अशा अर्थाचे काहीतरी ओरडला. वर्तुळापाशी रस्ता रिकामा होता. ट्रॅक्टर झोपला असावा. घड्याळात १३ मिनिटे ५० सेकंद. परतीच्या वाटेवर सातवा मैल हा सर्वांत लांब असतो, हे भूगोलात कुठे लिहिलेले नाही, पण कोणत्याही सायकलवाल्याला विचारा. मान खाली, कोपरे आत, डोळ्यांत घाम. मांड्यांत निखारे. आठव्या मैलाला पहिले टपोरे थेंब पडले. नवव्याला मी आकडे मोजायचे सोडून चक्क पाढे म्हणू लागले, एकोणतीसचा. शेवटी ती घडीची खुर्ची दिसली आणि पद्धतीप्रमाणे मी माझा आकडा ओरडले. तो मराठीत ओरडले, असे नंतर सर्वांनी सांगितले.

सभागृहात चहाची किटली उकळत होती, बायकांनी केलेले केक मांडले होते, आणि बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मावशी आत आल्या त्या अंग झटकत. फलकाजवळ गेल्या, नाकाला कागद लावून एकेक आकडा वाचला आणि लिहू लागल्या. चौदापुढे त्यांनी लिहिले : २८-०८. पुन्हा कागद पाहिला. पुन्हा फलक पाहिला.

तीन सेकंद! माझी सायकल कार्बनची, वाऱ्याच्या बोगद्यात घडलेली. त्यांची नव्याण्णव सालची पोलादाची होती. ती दोन यंत्रे बदलून घेतली असती तर कोण पुढे असते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि मला सर्वांत जास्त. मी तसे म्हणालेही. मावशींनी हात उडवला. "पुस्तकात सायकलीसाठी रकाना नाही," त्या म्हणाल्या. मग हिरवे पुस्तक मागवून घेतले. या पुस्तकात जुनी वेळ खोडत नाहीत. तिच्या खाली नवी लिहितात. त्यांनी माझे नाव मला अक्षर अक्षर विचारून, दोन वेळा खातरजमा करून लिहिले, वेळ लिहिली, तारीख लिहिली, आणि शेवटी 'टाइमकीपर' या रकान्यात स्वतःची सही केली. ती सही हलली नव्हती.

"आता याच्याखाली भरपूर जागा आहे," त्या म्हणाल्या. "कोणाला तरी शिकव. सव्वीस वर्षं वाट पाहायला लावू नकोस. आणि चहा घे, गार होतोय."

हंगाम संपल्यावर त्यांनी घड्याळ त्याच सोळा वर्षांच्या पोराच्या वडिलांकडे सोपवले. समारंभ झाला नाही. सत्काराची कल्पना कोणी काढली होती, ती मावशींनी दोन शब्दांत मोडून काढली. दुसऱ्या त्या सखीचा खुबा आता बरा आहे. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे आणि हल्ली माझ्याकडे जरा रोखून पाहते.

कधी इंग्लंडला आलात तर राजवाडा पाहाल, शेक्सपिअरचे घर पाहाल, यॉर्कचे भव्य मंदिर पाहाल. पाहावेच. पण एखाद्या रविवारी गजर लावून उठा, आणि उत्तरेच्या कोणत्याही सपाट रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहा. तिकीट नाही, रांग नाही. एकामागून एक माणसे मिनिटभराच्या अंतराने खाली मान घालून जातील. त्यांतली निम्मी पिकल्या केसांची असतील. ओरडून प्रोत्साहन द्या. मराठीत दिलेत तरी चालेल. नऊ वाजेपर्यंत तो रस्ता पुन्हा मोटारींचा झालेला असेल, आणि तिथून गेलेल्या कोणालाही कळणार नाही की पहाटे इथे एका आजीने स्वतःचे तीन सेकंद वाचवले.